परदेशात आपल्या माणसाला अटक झाली तर : कलम ३६ प्रत्यक्षात कसं वापरायचं

बहुतेक घरांना ही बातमी रूममेटकडून कळते. "काल संध्याकाळी पोलीस घेऊन गेले, फोन बंद लागतोय," एवढाच निरोप. मग पुढचे तीन-चार दिवस गावातल्या एजंटच्या घरी चकरा, नातेवाइकांच्या ग्रुपवर अफवा, आणि "मंत्रालयात माझी ओळख आहे" म्हणणारे दोन-तीन जण. नेमके हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय आहेत. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात या दोन देशांतच प्रत्येकी दोन हजारांच्या वर.

आंतरराष्ट्रीय कायद्याने परक्या देशातल्या कैद्याला बरेच हक्क दिलेले आहेत. पण यातले बहुतेक हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि तोंडी मागितल्याचा पुरावा उरत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर तारीख घातलेला एक तरी कागद तयार झाला पाहिजे.

कलम ३६ : कोणी काय करायचं

कॉन्सुलर संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार २४ एप्रिल १९६३ चा. जगातले बहुतेक सगळे देश त्यात आहेत, आखाती देशही. त्याच्या ३६ व्या कलमात तीन वेगवेगळी कर्तव्यं आहेत आणि लोक ती एकात एक मिसळतात.

पहिलं : अटक करणाऱ्याने त्या परदेशी माणसाला विनाविलंब सांगायचं, की तुला तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. हे त्याने न विचारताही सांगायचं असतं. दुसरं : त्याने "कळवा" म्हटलं, तर पोलिसांनी वकिलातीला विनाविलंब कळवायचं आणि त्याचं पत्र पुढे धाडायचं. तिसरं : कॉन्सुलर अधिकाऱ्याला त्याला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क आहे.

सगळी मेख दुसऱ्या कर्तव्यात आहे. वकिलातीला कळवणं कैद्याच्या विनंतीवर अवलंबून असतं. अटकेच्या रात्री त्याच्यापुढे अरबीतला छापील कागद येतो, खाली "वकिलातीला कळवायचं नाही" असा रकाना असतो, घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो. काही जण शरमेनेच नको म्हणतात, घरी कळेल म्हणून. आणि कैद्याने स्पष्ट विरोध केला, तर कॉन्सुलर अधिकाऱ्यालाही हात बांधून बसावं लागतं. हा नकार कायमचा नसतो. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यातही तो मागे घेता येतो.

"विनाविलंब" म्हणजे किती? मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध लढवलेल्या अवेना खटल्यात, ३१ मार्च २००४ ला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की याचा अर्थ बेड्या घालताक्षणी असा होत नाही. पण माणूस परदेशी आहे हे लक्षात आलं, किंवा तसं वाटायला जागा असली, की हक्क सांगायचं कर्तव्य सुरू होतं. आपल्याला जवळचं उदाहरण कुलभूषण जाधव यांचं. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार अटक ३ मार्च २०१६ ला झाली, भारताला कळवलं २५ मार्चला. १७ जुलै २०१९ च्या निकालात १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचं ठरवलं. हेरगिरीचा आरोप असला तरी हे कलम लागू होतंच, हेही त्यात स्पष्ट झालं. "सुरक्षेचा मामला आहे, वकिलातीचा संबंध नाही" असं कोणी म्हणालं, तर उत्तर या निकालात आहे.

मात्र त्याच निकालात न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढंच सांगितलं. अमेरिकेने तर जर्मन नागरिक असलेल्या लाग्रांड बंधूंपैकी थोरल्याला, वॉल्टरला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अंतरिम आदेश असतानाही ३ मार्च १९९९ ला मृत्युदंड दिला, आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अवेना निकाल टेक्सासच्या न्यायालयांवर आपोआप बंधनकारक नाही असं ठरवलं. शिक्षा झाल्यावर कलम ३६ फार तर फेरविचार मिळवून देतं. त्याची खरी ताकद पहिल्या आठवड्यात आहे, जबाबावर सही होण्याआधी.

पहिले २४ तास

एका कागदावर ही माहिती लिहून काढा : पासपोर्टावर आहे तसं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, तिथल्या ओळखपत्राचा किंवा इकाम्याचा (राहण्याच्या परवान्याचा) क्रमांक, कंपनीचं आणि कफीलचं (ज्याच्या जबाबदारीवर व्हिसा असतो त्या मालकाचं) नाव, अटकेची तारीख, वेळ व जागा, पोलीस ठाणं, आरोप काय असल्याचं कळलंय, कोणी पाहिलं त्याचा फोन. आजार आणि चालू गोळ्या, मात्रेसकट. जे माहीत नाही तिथे "माहीत नाही" लिहा, अंदाज लिहू नका. पासपोर्टची झेरॉक्स घरी नसेल तर एजंटकडे, जुन्या व्हिसाच्या ईमेलमध्ये किंवा विमान तिकिटावर क्रमांक सापडतो.

क्रमांकावर एवढा जोर का, ते सांगतो. अरबी लिपीत "प" नाही, "ट" नाही, "ळ" नाही. तिथल्या नोंदीत पाटीलचा बातील होतो, पवारचा बवार. वर आपल्या नावात वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी, तर त्यांच्याकडे नाव, बाप, आजा असा क्रम. त्यामुळे "सुनील पाटील" शोधायला गेलेल्या अधिकाऱ्याला "असा कोणी नाही" हे उत्तर खरोखरच मिळू शकतं. पासपोर्ट किंवा इकामा क्रमांक टाकला की तोच माणूस सापडतो.

मग तो कुठल्या प्रकारच्या कोठडीत आहे ते शोधा, कारण पुढची वाट त्यावर ठरते. पोलीस कोठडी असेल तर गुन्ह्याचा तपास चालू आहे. तरहील, म्हणजे देशाबाहेर पाठवण्यापूर्वीचं केंद्र असेल, तर बहुधा इकामा संपल्याचा किंवा कफीलने हुरूब, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, नोंदवल्याचा मामला असतो. तिथे फौजदारी वकिलापेक्षा कामगार खात्यातली नोंद मिटवणं आणि प्रवासाचे कागद महत्त्वाचे. तिसरा प्रकार कर्जाचा किंवा न वटलेल्या धनादेशाचा. त्यात देश सोडायला बंदी असते. तडजोड करताना बंदी उठवण्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊन टाकू नये.

त्याच दिवशी दोन ठिकाणी लिहा. एक, त्या देशातल्या भारतीय दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला ईमेल. दोन, परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार. तिथे मिळणारा तक्रार क्रमांक जपा, पुढच्या प्रत्येक पत्रात तो घाला. महाराष्ट्रातून प्रत्यक्ष जायचं असेल तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं विदेश भवन. सौदी, कुवेत, कतार इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. गुरुवारी रात्री अटक झाली तर रविवारची वाट पाहू नका, दूतावासाचा तातडीचा नंबर वेगळा असतो, तो लावा.

ईमेल इंग्रजीत आणि आखूड हवा. विषयात "भारतीय नागरिकाची अटक, कलम ३६ खाली कॉन्सुलर भेटीची विनंती", नाव आणि पासपोर्ट क्रमांक. मजकुरात वरच्या कागदावरची माहिती आणि मग चारच मागण्या : तो कुठे आहे आणि आरोप काय, याची लेखी विचारणा करावी. कॉन्सुलर भेट मागावी. मराठी किंवा हिंदी दुभाष्या आहे का, ते पाहावं. औषधं सुरू आहेत का, ते पाहावं. "कृपया माझ्या निरपराध मुलाला सोडवा" अशी चार पानं लिहिली, की या चार गोष्टी त्यात बुडतात.

पुष्कळदा आठवड्याभराने उत्तर येतं : स्थानिक अधिकारी माहिती द्यायला तयार नाहीत, कैद्याची संमती नाही. बऱ्याच देशांत खासगीपणाचे कायदे कडक असल्याने कैद्याने होकार दिल्याशिवाय तो तुरुंगात आहे हेसुद्धा सांगत नाहीत. यावर उपाय कैद्याच्याच हातचा कागद. कोठडीतून फोन आला तर पहिल्या मिनिटात, रडारडीआधी, त्याला एवढं सांगा : "भारतीय दूतावासाला कळवा, असं लेखी मागं. माहिती घरच्यांना द्यायला संमती आहे, तेही लिही. भाषा कळत नसेल तर सही करू नकोस. करावीच लागली तर सहीशेजारी मराठीत लिही, की मजकूर कळलेला नाही, दुभाष्या नव्हता. तारीख घाल."

ती मराठीतली एक ओळ पोलिसांना वाचता येत नाही, म्हणूनच ती खोडली जाण्याची शक्यता कमी. नंतर वकिलाला तीच दाखवता येते.

एक गोष्ट आधीच तपासा : पासपोर्ट कोणत्या देशाचा? ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, हे भारतीय नागरिकत्व नव्हे. न्यू जर्सीत राहून अमेरिकी नागरिक झालेला पुण्याचा मुलगा दुबईत अडकला, तर कलम ३६ चा हक्क अमेरिकेच्या वकिलातीचा, भारताच्या नव्हे. आणि जो स्वतःच्या सरकारपासून पळून निर्वासित झालाय, त्याच्यासाठी वकिलातीला कळवणं घातकच. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाशी संपर्क मागायचा असतो.

वकिलात काय करते, काय करत नाही

कॉन्सुलर अधिकारी तुरुंगात येतो, तब्येत आणि वागणूक विचारतो, आरोपाची प्रत मागतो, स्थानिक वकिलांची यादी देतो, न्यायालयात हजर राहू शकतो, घरी निरोप पोचवतो. तो खटला लढवत नाही, जामीन राहत नाही, "सोडा" असा हुकूम देऊ शकत नाही. हे ऐकून लोक चिडतात. पण ज्या कैद्याकडे दर महिन्याला कोणीतरी येऊन वही उघडतं, त्याला मारहाण करण्याआधी कोठडीतला शिपाई दोनदा विचार करतो. हा फायदा निकालपत्रात दिसत नाही, तरी आम्ही तो सर्वांत वरचा धरतो.

पैशाची नड असेल तर दूतावासाकडचा इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड विचारा. गरजू व्यक्तीला किरकोळ गुन्ह्यात किंवा खोट्या प्रकरणात सुरुवातीची कायदेशीर मदत, लहान दंड, परतीचं तिकीट, आणि वाईटात वाईट म्हणजे मृतदेह आणण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडा. तलाठी-तहसीलदारांकडून तो मिळायला वेळ लागतो, म्हणून लगेच सुरुवात करा. माणूस ईसीआर (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टावर गेला असेल तर त्याचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही असतो. त्यात नोकरीशी संबंधित दाव्यासाठी ४५,००० रुपयांपर्यंत कायदेशीर खर्चाची तरतूद आहे. चोरीच्या किंवा अमली पदार्थांच्या खटल्यात ती चालत नाही.

वकील, दुभाष्या आणि मुदती

वकिलाला घरच्यांनी अधिकारपत्र पाठवायचं झालं, तर नोटरी, राज्य शासनाचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि अमिरात, कुवेत, कतार यांसारख्या अपोस्टिल (सदस्य देशांत चालणारं एकच साक्षांकन) न मानणाऱ्या देशांसाठी वर त्यांच्या दूतावासाचा शिक्का अशी साखळी आहे. मग तिथे मान्यताप्राप्त अनुवादकाकडून अरबी भाषांतर. यात आठवडे जातात. त्याऐवजी कैद्यानेच तुरुंगातल्या नोटरीसमोर किंवा तुरुंगाधिकाऱ्यासमोर अधिकारपत्रावर सही करणं बहुतेक ठिकाणी शक्य असतं आणि काम दिवसांत होतं. आधी तेच मागा. वकिलाची फी टप्प्यांत ठरवा, पावती घ्या. "एम्बसीतून बोलतोय, साहेबांना द्यावे लागतील" असा फोन आला तर तो चोर समजा. दूतावास गुगल पेवर पैसे मागत नाही.

दुभाष्याचा हक्क कुठून येतो? नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराचं १४ वं कलम : आरोप समजेल अशा भाषेत सांगायचा आणि न्यायालयात दुभाष्या फुकट द्यायचा. त्याच कराराच्या ९ व्या कलमानुसार अटकेतल्याला त्वरित न्यायाधीशापुढे नेलं पाहिजे. या करारावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीच्या मते साधारण ४८ तास पुरेत. ११ वं कलम म्हणतं, केवळ करारातलं देणं फेडता येत नाही म्हणून कोणालाही तुरुंगात टाकू नये.

पण इथेच पुष्कळ अर्ज फसतात. सौदी अरेबिया आणि अमिरात या कराराचे सदस्यच नाहीत. कुवेत, बहारीन, कतार आहेत, काही आक्षेप राखून. जिथे करार लागू नाही तिथे त्याचं कलम उद्धृत केलं की समोरचा अधिकारी पहिल्याच ओळीवर थांबतो. सौदी आणि अमिरात दोघेही २००४ च्या अरब मानवाधिकार सनदेत आहेत. तिच्या १४ व्या कलमात अटकेचं कारण समजेल अशा भाषेत सांगण्याचा आणि कुटुंबाशी संपर्काचा हक्क आहे, १६ व्यात मोफत दुभाष्याचा. त्यांच्याच सनदेचं कलम त्यांना दाखवलेलं बरं. दोघेही छळविरोधी करारातही आहेत, आणि त्याचं १५ वं कलम मारून काढलेला जबाब पुरावा म्हणून वापरू देत नाही. अर्ज लिहिण्याआधी तो देश कोणत्या करारात आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या यादीत पाहायला दहा मिनिटं लागतात.

दुभाष्याबाबत आणखी एक. "इंडियन" म्हटलं की हिंदी, कधी मल्याळी दुभाष्या उभा करतात. देवगडच्या खलाशाला कामापुरतं हिंदी येतं. "मी उचललं" आणि "मी चोरलं" यांतला फरक त्याला हिंदीत नीट सांगता येईलच असं नाही. तसं असेल तर पहिल्याच तारखेला न्यायाधीशांसमोर सांगून नोंद करायला लावा. अपिलात पहिल्यांदा सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही.

अपिलाची मुदत अनेक देशांत १५ किंवा ३० दिवस असते आणि ती निकालाच्या दिवसापासून पळू लागते, घरी कळल्यापासून नाही. निकाल लागला का, हे वकिलाला आठवड्यातून एकदा विचारा.

तुरुंगाच्या आत

इथे नेल्सन मंडेला नियम कामी येतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये ते स्वीकारले. ते कराराइतके बंधनकारक नाहीत, पण तुरुंगाधिकाऱ्यांना माहीत असतात. नियम ६२ परदेशी कैद्याला वकिलातीशी संपर्काची सोय देतो. नियम ६८ : तुरुंगात टाकल्याचं, दुसरीकडे हलवल्याचं, गंभीर आजाराचं घरी लगेच कळवण्याचा हक्क. नियम ५४ आणि ५५ : तुरुंगाचे नियम आणि तक्रारीची पद्धत समजेल अशा भाषेत. दिवसाला २२ तास किंवा अधिक एकट्याला कोंडून ठेवणं सलग १५ दिवसांपुढे निषिद्ध आहे, नियम ४३ आणि ४४. खटला चालू असलेल्या कैद्याला सबळ कारण असेल तर स्वखर्चाने आपला डॉक्टर बोलावता येतो, नियम ११८.

औषधांचं प्रकरण हमखास अडतं. भारतातून गोळ्या पाठवू नका, काही साध्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या आखातात अमली पदार्थांच्या यादीत असतात आणि नवा गुन्हा लागू शकतो. डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह इंग्रजीत करून दूतावासामार्फत तुरुंगाच्या डॉक्टरकडे पोचवा.

मच्छीमार

पालघर-डहाणूकडचे अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. बोट ओखा-पोरबंदरची, म्हणून पाकिस्तानने पकडल्याची पहिली नोंद गुजरातेत होते आणि तलासरीच्या पाड्यावर आठवडाभर पत्ता नसतो. घरच्यांनी बोटमालकाकडून बोटीचा नोंदणी क्रमांक घेऊन पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात स्वतः लेखी कळवावं.

भारत-पाकिस्तानचा २१ मे २००८ चा वेगळा करार आहे. दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. तीन महिन्यांत कॉन्सुलर भेट, आणि शिक्षा पूर्ण व नागरिकत्व नक्की झाल्यापासून एका महिन्यात परत पाठवणी, असं त्यात आहे. प्रत्यक्षात गाडी नागरिकत्वाच्या पडताळणीवर अडते. कैद्याने सांगितलेल्या पाड्याचं नाव कराचीत चुकीचं लिहिलं जातं आणि कागद भलत्याच ठाण्यात फिरतो. आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र आणि फोटो आधीच ठाण्यात देऊन पोच घ्या, यादीतलं नाव जुळवणं सोपं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कराराच्या ७३ व्या कलमानुसार विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यातल्या) मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तुरुंगवासाची मुभा देणारा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही. मात्र बोट किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत पकडली असेल तर ते लागू नाही, म्हणून पकडल्याची जागा कळणं महत्त्वाचं.

संयुक्त राष्ट्रांकडे, आणि शिक्षा भारतात भोगणं

आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश जाऊ शकतो, कुटुंब नाही. कुटुंबाला जाता येतं ते मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे, १९९१ पासूनच्या. त्याचा प्रश्नावली-अर्ज फुकट आहे, वकील लागत नाही, तिथली सगळी न्यायालयं आधी चढावी लागत नाहीत, आणि देश कोणत्या करारात नसला तरी चालतो. सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. मत बंधनकारक नसतं. आरोपाविना महिनोन् महिने ठेवलेल्या माणसासाठी हा मार्ग चांगला. पुरावा भक्कम असलेल्या अमली पदार्थांच्या खटल्यात इथे वेळ घालवू नये.

शिक्षा कायम झाल्यावर उरलेली भारतात भोगता येते, २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन (रिपॅट्रिएशन ऑफ प्रिझनर्स) कायद्याखाली, त्या देशाशी करार असेल तर. सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ब्रिटन, श्रीलंका यांच्याशी आहे. अटी साधारण अशा : निकाल अंतिम, दुसरा खटला बाकी नाही, किमान सहा महिन्यांची शिक्षा उरलेली, तो गुन्हा भारतातही गुन्हाच, मृत्युदंड नाही, आणि दोन्ही सरकारांची व कैद्याची संमती. न भरलेला दंड किंवा मृताच्या वारसांना द्यायची दिया, म्हणजे रक्तभरपाई, बाकी असली की अर्ज तिथेच पडून राहतो. आखातात रमजानला आणि राष्ट्रीय दिनाला माफीच्या याद्या निघतात, म्हणून काही कैदी विचार करून हा अर्ज करतच नाहीत. आधी वकिलाला विचारा, मग सही.

सुटल्यानंतर

सुटकेचा आदेश आणि घरी पोचणं यांत अनेकदा आठवडे जातात, कारण पासपोर्ट कफीलकडे किंवा पोलिसांच्या फायलीत असतो. दूतावास एकतर्फी प्रवासासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. त्याला लागणारे फोटो आणि भारतीयत्वाचा पुरावा शिक्षा संपायच्या महिनाभर आधीच पाठवून ठेवा. निघण्यापूर्वी तीन कागद मागून घ्या : निकालाची प्रत, दंड भरल्याची पावती, आणि खटला बंद झाल्याचं पत्र. बोटांच्या ठशांवर परतबंदी लागली आहे का आणि किती वर्षांची, हेही तरहीलमध्येच विचारून घ्या. हे न विचारता एजंटला पैसे भरून पुन्हा गेलेली माणसं विमानतळावरूनच परत आलेली आहेत.